त्रेचाळीस नंबरची जागा

१९९४ च्या डिसेंबरातली गोष्ट. रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. भुसावळ स्थानकावर आम्ही हावड्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत होतो. अजिंठा पाहून आलेली एक परदेशी तरुणी पाठीवर मोठी पिशवी घेऊन शेजारीच उभी होती. हातात मुंबईत काढलेले संगणकीय तिकीट. गाडी थांबताच ती एका डब्याकडे धावली आणि दारातच अडली. आतून कोणीतरी ओरडले, "ये नही, आगे, आगे!" तिने डब्याच्या बाहेर रंगवलेल्या आकड्याकडे बोट दाखवले. तो होता ८८२४३. तिच्या तिकिटावर आकडा होता ४३. शेवटचे दोन अंक जुळले, म्हणजे डबा आपलाच, असा तिचा समज झाला होता.

एक वयस्कर हमाल पुढे आला. त्याने तिकिटावर नजर टाकली आणि म्हणाला, "एस-पाच, तिकडं मागं. त्रेचाळीस म्हणजे पाच खण सोडा, सहाव्यात सगळ्यात वर." मी तिला ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले. तो पुढे, ती मागे, आणि मी त्या दोघांच्या मागे. डब्यात दिवे मालवलेले होते, आकडे दिसत नव्हते. हमालाने पाच खण मोजले, सहाव्यात थांबला आणि वरच्या बर्थवर हात थोपटला. तीच त्रेचाळीस नंबरची जागा होती.

त्या दिवसापासून दोन प्रश्न माझ्या डोक्यात आहेत. हमालाने हे कसे ओळखले? आणि त्याहून मोठा प्रश्न: इथले कोणीच ओळखीचे नसलेल्या, इथली भाषा न येणाऱ्या माणसाची एक ठरावीक जागा भरलेल्या गाडीत रिकामी राहते, ही व्यवस्था आली कुठून?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली. पुढे लोहमार्ग देशभर पसरले, पण तिसऱ्या वर्गाच्या उतारूला बसण्याची हमी मिळाली नाही. त्याच्या हातात असे ते छोटे पुठ्ठ्याचे तिकीट. ते इंग्लंडमधल्या थॉमस एडमंडसन या स्टेशनमास्तरने १८३० च्या दशकात शोधून काढले होते. त्याआधी तिथे कारकून प्रत्येक उतारूसाठी हाताने कागद लिहून देत. एडमंडसनने अनुक्रमांक छापलेली तिकिटे आणि त्यांवर तारीख उठवणारे यंत्र तयार केले. त्यामुळे किती तिकिटे विकली आणि किती पैसे जमायला हवेत याचा हिशेब चोख राहू लागला.

पण इथे एक गंमत लक्षात घ्या. त्या तिकिटावरचा क्रमांक तिकिटाचा होता, जागेचा नव्हता. तो कंपनीच्या सोयीचा होता, उतारूच्या नव्हे. तिकिटाने प्रवास करण्याचा हक्क मिळे, बसण्याचा नाही.

याचा अनुभव गांधीजींनी १९१७ साली लिहून ठेवला आहे. तिसऱ्या वर्गातल्या प्रवासाविषयीच्या त्यांच्या लेखात मुंबईहून मद्रासला गेल्याची हकीकत आहे. त्यांच्या डब्यावर २२ उतारूंसाठी अशी पाटी होती. ही २२ ची सोयही फक्त बसण्यापुरती, आडवे होण्याची नव्हे. त्यातल्या एका रात्रीच्या बऱ्याच भागात आत तब्बल ३५ माणसे होती. आणि मद्रास यायला मध्ये दोन रात्री होत्या.

गणित शिकवणाऱ्यांनी या पाटीकडे जरा थांबून पाहावे. 'बावीस' ही संख्या किती माणसे ते सांगते, कोणते माणूस कुठे ते सांगत नाही. 'बावीस जागा' आणि 'बावीस नंबरची जागा' यांत मोठे अंतर आहे. पहिली संख्या मोजणारी, दुसरी क्रम दाखवणारी. पहिली मोडली तरी बोट कोणाकडे दाखवणार? पस्तीस माणसांपैकी जास्तीची तेरा कोणती, हे कोण ठरवणार? दुसरी मोडली तर मात्र एका ठरावीक माणसाचा हक्क मोडतो, आणि ते सिद्ध करता येते. क्रमांक नव्हता तेव्हा जागा मिळे ती धक्का देणाऱ्याला, खिडकीतून आत शिरणाऱ्याला किंवा हमालाला चार पैसे देऊ शकणाऱ्याला.

परदेशी पाहुण्यांना त्या काळी ही अडचण सहसा नव्हती. १८९६ साली मार्क ट्वेन हा अमेरिकी लेखक हिंदुस्थानात आगगाडीने हिंडला. पहिल्या वर्गात कातडी मढवलेले रुंद बाक आणि सामान लावून बिछाना घालणारा नोकर, अशी त्याची सोय होती. पैसा आणि ओळख असली की नंबराची गरज पडत नाही. नंबर लागतो तो ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही त्याला.

स्वातंत्र्यानंतर लांब पल्ल्याच्या गाड्यांत साध्या वर्गालाही शयनयान मिळू लागले. मद्रासजवळ पेरांबूरचा डब्यांचा कारखाना १९५५ साली सुरू झाला. १९७४ साली 'तिसरा वर्ग' हे नाव गेले. मधू दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर गाद्या बसू लागल्या. झोपायची जागा दिली की तिला नंबर द्यावाच लागतो, कारण बसताना सरकून घेता येते, झोपल्यावर नाही!

हे आरक्षण होई जाडजूड वह्यांत. एका गाडीच्या एका दिवसाच्या जागांची नोंद एका ठिकाणी, म्हणजे ती वही जिथे असेल तिथेच जागा मिळणार. दुसऱ्या खिडकीवरच्या कारकुनाला तिच्यात काय लिहिले आहे ते दिसत नसे. मधल्या स्थानकांना म्हणून थोड्या जागांचा कोटा वाटून दिलेला असे, आणि परतीच्या जागेसाठी तारा पाठवाव्या लागत.

१९८५ च्या अखेरीस दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झाले. यातला खरा पेच वेगाचा नव्हता. पन्नास खिडक्यांवरून एकाच क्षणी एकच जागा मागितली गेली तर ती दोघांना विकली जाता कामा नये, हा होता. म्हणून एका मागणीचा निकाल लागेपर्यंत ती जागा इतरांसाठी कुलूपबंद ठेवावी लागते. वही एकाच कारकुनाच्या हातात असल्यामुळे जे आपोआप साधत होते, ते संगणकाला मुद्दाम शिकवावे लागले. १९९९ पर्यंत देशातली मुख्य आरक्षण केंद्रे एकमेकांना जोडली गेली आणि २००२ मध्ये घरबसल्या इंटरनेटवरून तिकीट काढता येऊ लागले.

आता हमालाच्या युक्तीकडे वळू. साध्या शयनयानाच्या जुन्या डब्यात ७२ बर्थ, म्हणजे आठ-आठांचे नऊ खण. प्रत्येक खणात १ खालचा, २ मधला, ३ वरचा. समोर ४ खालचा, ५ मधला, ६ वरचा. येण्याजाण्याच्या वाटेपलीकडे ७ खालचा आणि ८ वरचा. पुढच्या खणात ९ पासून पुन्हा तेच. म्हणून बर्थच्या नंबराला आठाने भागायचे. भागाकार सांगतो किती खण ओलांडायचे, बाकी सांगते खणात कुठे. ४३ ला आठाने भागले की भागाकार ५, बाकी ३. पाच खण सोडून सहाव्यात, सगळ्यात वर! बाकी शून्य आली तर मात्र सावध राहा. ६४ म्हणजे आठ खण सोडून नववा नव्हे, तर आठव्याच खणातला शेवटचा, बाजूचा वरचा बर्थ. नव्या बांधणीच्या डब्यात ८० बर्थ असतात, तिथेही हाच नियम चालतो. गरीबरथ गाड्यांच्या जुन्या डब्यांत बाजूलाही मधला बर्थ घातला गेला होता, तिथे आठाऐवजी नवाने भागावे लागे.

आणि तो ८८२४३? तोही अर्थहीन नव्हता. पाच अंकी क्रमांकातले पहिले दोन अंक डबा बांधल्याचे वर्ष सांगत, उरलेले तीन त्याचा प्रकार. २०१ ते ४०० म्हणजे शयनयान. तो क्रमांक कारखान्याच्या आणि दुरुस्तीवाल्यांच्या कामाचा. उतारूचा डबा ओळखायचा तो दाराशेजारच्या 'एस-५' या पाटीवरून. एकाच डब्यावर दोन नंबर, दोन वेगळ्या लोकांसाठी. नवख्याला हे कोणी सांगितलेले नसते.

तरीही ती तरुणी आकडे वाचू शकली, ते कसे? जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा शिलालेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गाई, हत्ती, नाणी यांच्या संख्या त्यात ब्राह्मी अंकांत कोरल्या आहेत. त्या चिन्हांत शून्य नाही, स्थानमूल्यही नाही. पण काहींत आजच्या अंकांची चाहूल लागते. पुढे शून्य आणि स्थानमूल्य घेऊन भारतीय अंक अरबांकडे गेले, तिथून युरोपात पोचले. १२०२ साली फिबोनाचीने आपल्या ग्रंथात त्यांची ओळख करून दिली. १९४९ मध्ये संविधान सभेत अंक कोणते वापरावेत यावर मोठा वाद झाला आणि कलम ३४३ मध्ये 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप' स्वीकारले गेले. नाणेघाटासारख्या वाटेवरून निघालेले अंक जगभर फिरून तिकिटावर परत आले, आणि म्हणून एक परकी मुलगी भुसावळला मध्यरात्री 'त्रेचाळीस' वाचू शकली.

२०१८ पासून मोठ्या स्थानकांवर डब्यांवर उतारूंच्या नावांचे तक्ते चिकटवणे बंद झाले. आता फलाटावर डब्याचा क्रमांक दिव्यांच्या अक्षरांत उमटतो आणि नंबर हातातल्या फोनवर येतो. पण त्याच गाडीच्या टोकाला अनारक्षित डबाही असतो. त्यातल्या उतारूच्या तिकिटावर जागेचा नंबर नसतो. १९१७ सालचा गांधीजींचा प्रश्न त्या डब्यातून अजून उतरलेला नाही.

वर्गात भागाकाराची बाकी शिकवाल तेव्हा मुलांना एक काम द्या. फळ्यावर १७, ५० आणि ७२ हे नंबर लिहा आणि विचारा, बर्थ कुठे आहे? मुले उत्तर काढतील. मग दुसरे विचारा: ज्याच्या तिकिटावर नंबरच नाही, त्याने बसायचे कुठे? या दुसऱ्या प्रश्नावर वर्ग जरा वेळ गप्प राहिला, तर घाई करू नका.