घाटातली मोटार

बीड शहरात आगगाडी आली ती २०२५ साली. तोवर सारी भिस्त मोटारीवर! हैदराबाद संस्थानात १९३२ साली २७ आल्बियन गाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा निघाली. आमचा जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. पुढे गाड्या वाढल्या, पण पेट्रोलच्या मोटारीचे एक जुने दुखणे मी लहानपणीही पाहिले.

वैशाखातली दुपार. आजारी आजीला आम्ही जीपमधून अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेत होतो. मांजरसुंब्याच्या घाटात जीप बंद पडे, घटकाभराने सुरू होई, पुन्हा बंद!

ड्रायव्हरचाचा म्हणाले, "चालू झाली की रोग लपतो, बाळ. बंद असतानाच नाडी बघायची."

त्यांनी प्लग काढून ठिणगी पाहिली; ती सणसणीत होती. म्हणजे दोष पेट्रोलच्या वाटेत. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने नळीतच पेट्रोलची वाफ होई आणि पंपाला ते ओढवत नसे. गार झाले की पुन्हा सुरळीत!

आजीने पिण्याच्या पाण्याचा तांब्या मुकाट्याने पुढे केला. पंपावर ओले फडके पडले, आणि जीप घाट चढली.

आताच्या गाड्यांत पंप बहुधा टाकीतच असतो. पेट्रोल दाबाखाली राहते, सहसा वाफाळत नाही. ते दुखणे इतिहासजमा झाले. पण आगगाडीची शिट्टी ऐकली, की मला आजीचा तो तांब्या आठवतो.