तळघरातले कपडे : चेर्नोबिलच्या अग्निशामकांचा एक अवघड हिशेब

#थ्रेड

१/ २६ एप्रिल १९८६. पहाटे १ वाजून २३ मिनिटांनी चेर्नोबिल अणुविद्युत केंद्राच्या चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला. काही मिनिटांतच अग्निशामक तेथे पोहोचले. अंगावर आग विझवण्याचा नेहमीचाच पोशाख होता. किरणोत्सर्गापासून बचावासाठी काहीही नव्हते.

२/ उलट्या सुरू झाल्यावर त्यांना प्रिप्यातच्या रुग्णालयात आणण्यात आले. उतरवलेले कपडे आणि बूट तळघरात टाकले गेले. कित्येक वर्षांनंतरही तो ढीग किरणोत्सारीच होता.

३/ गंभीर रुग्ण विमानाने मॉस्कोच्या ६ क्रमांकाच्या रुग्णालयात गेले. तेथे डॉ. अँजेलिना गुस्कोवा यांच्यासमोर प्रश्न होता : कोणाला किती मात्रा मिळाली?

४/ गॅमा किरण शरीराच्या आरपार जातात. त्यांची मात्रा रक्त सांगते : लिंफोसाइट पेशी किती वेगाने घटल्या, गुणसूत्रे किती तुटली, यावरून अंदाज बांधता येतो.

५/ बीटा कण मात्र ऊतींत जेमतेम काही मिलिमीटर शिरतात. त्वचेच्या जिवंत पेशींचा थर सरासरी ०.०७ मिमी खोलीवर असतो. घाव बसतो तो तेथे. रक्ताला त्याची पुरेशी वार्ता नसते.

६/ म्हणून हिशेब कपड्यापासून सुरू होतो. दर चौरस सेंटिमीटरवर किती किरणोत्सारी द्रव्य आहे, त्यातील कणांची ऊर्जा किती, मध्ये कापडाची जाडी किती आणि कपडा किती तास अंगावर होता? द्रव्याचा क्षय मंद असेल, तर दुप्पट वेळ म्हणजे जवळपास दुप्पट मात्रा.

७/ येथे कपड्याची भूमिका दुहेरी ठरते. कोरडे, जाड कापड बाहेरची धूळ अडवते आणि बीटा कणांची धारही बोथट करते. तेच कापड दूषित पाण्याने भिजले, की कपाळावर ठेवलेल्या ओल्या घडीसारखे त्वचेला चिकटते. त्या रात्री अनेकांचे कपडे भिजलेले होते.

८/ तीव्र किरणोत्सर्ग आजाराचे निदान १३४ जणांत निश्चित झाले. त्यांपैकी २८ जण पहिल्या काही महिन्यांत दगावले. १९ जणांच्या मृत्यूमागे त्वचेची इजा हे प्रमुख कारण होते. आठ रुग्णांच्या त्वचेची बीटा मात्रा ४०० ते ५०० ग्रे इतकी आढळली. संपूर्ण शरीराला ४ ते ५ ग्रे मिळाले, तरी उपचारांविना निम्मे रुग्ण दगावू शकतात.

९/ दूषित व्यक्तीचे बाह्य कपडे आधी उतरवा, हा आजच्या आपत्ती-व्यवस्थापनाचा प्राथमिक नियम आहे. त्या हिशेबातील इतर आकडे कोणाच्याच हाती नसतात; कपडा अंगावर राहण्याचा वेळ मात्र कमी करता येतो. प्रिप्यातच्या तळघरात पडून राहिलेल्या त्या कपड्यांचा अर्थ हाच आहे.