यॉन्सन आणि यॉन्सदोत्तिर : आइसलँडच्या नावांची कुळकथा

आइसलँडमध्ये नावापुढे येणारा शब्द बहुधा आडनाव नसतो. तो वडिलांच्या नावाचे षष्ठीतले रूप असतो. यॉनचा मुलगा 'यॉन्सन', मुलगी 'यॉन्सदोत्तिर'. 'सन' म्हणजे मुलगा, 'दोत्तिर' म्हणजे मुलगी आणि मधला 'स्' आपल्या 'चा-ची'चे काम करतो. त्यामुळे चौघांच्या घरात शेवटची नावेही चार निघतात : वडील यॉन एनारसन, आई गुद्रून ओलाफ्सदोत्तिर, मुलगा ओलाफुर यॉन्सन, मुलगी सिग्रीदुर यॉन्सदोत्तिर. लग्नाने यातले काहीच बदलत नाही, कारण लग्न झाले म्हणून बाई सासऱ्याची मुलगी ठरत नाही. मराठी नावातही मधल्या जागी वडील असतात, पण त्यांच्या पाठीशी आडनाव उभे असते. आइसलँडचे नाव वडिलांवरच संपते.

ही रीत नवव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेहून बेटावर आलेल्या वसाहतकऱ्यांनी बरोबर आणली. ती तेव्हा साऱ्या उत्तर युरोपची होती. एरिक द रेडचा मुलगा लेफ एरिक्सन हे तिचे जगाला ठाऊक असलेले उदाहरण. वडिलांऐवजी आईचे नाव लावण्याची चालही जुनीच : पुराणकथांतला लोकी 'लाउफेयार्सन' आहे, म्हणजे लाउफेय या मातेचा पुत्र. बाकीच्या देशांत मात्र सरकारदप्तराला कायम टिकणारे आडनाव सोयीचे वाटू लागले. डेन्मार्कने 1828 साली तसा आदेश काढला, स्वीडनने 1901 मध्ये आणि नॉर्वेने 1923 मध्ये कायदे केले.

आइसलँडही त्याच वाटेने निघाला होता. बेटावर डेन्मार्कची सत्ता होती आणि प्रतिष्ठित घराण्यांत डॅनिश वळणाची कुळनावे रुळत होती. 1904 साली स्वराज्याचा पहिला मंत्री झालेला हान्नेस हाफस्टाइन अशाच कुळनावाचा. 1913 च्या कायद्याने कुळनाव घेण्याची रीतसर सोय झाली. पण 1918 मध्ये देश सार्वभौम झाला आणि भाषाशुद्धीच्या चळवळीला या नावांत परकेपणा दिसू लागला. 1925 मध्ये नवी कुळनावे घेण्यावर बंदी आली. देशाला 1955 चे साहित्याचे नोबेल मिळवून देणारा हाल्दोर लाक्सनेस मूळचा हाल्दोर गुद्योन्सन. बालपण ज्या शेतवाडीवर गेले तिचे नाव त्याने लावले होते.

आडनाव नाही म्हटल्यावर माणसाची खरी ओळख त्याचे पहिले नावच. दूरध्वनी-पुस्तिका पहिल्या नावाच्या क्रमाने लागे आणि एकाच नावाच्या अनेकांत गोंधळ नको म्हणून तिथे व्यवसायही छापलेला असे. 1980 साली निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष विगदीस फिन्बोगादोत्तिर सर्वांसाठी 'विगदीस'च होत्या. त्यात सलगी नाही आणि अनादरही नाही. गायिका ब्यर्क नुसत्या नावाने ओळखली जाते, हाही तारकांचा थाट नव्हे. तिच्या देशात सगळ्यांचे तसेच असते.

पहिल्या नावावर एवढा भार पडल्याने सरकारचे लक्षही तिथेच वळले. 1991 च्या कायद्याने तीन सदस्यांची नाव-समिती नेमली. तिचे आइसलँडी नाव मान्नानाफ्नानेफ्न्द. सध्याचा मूळ कायदा 1996 चा. बाळाचे नाव सहा महिन्यांच्या आत ठेवायचे. ते मान्य यादीत नसेल तर अर्ज समितीपुढे जातो. मुख्य कसोटी व्याकरणाची : नावाला आइसलँडी षष्ठी लागली पाहिजे, किंवा ते परंपरेने रुळलेले हवे. मराठीत 'फूल'चे 'फुलाचा' होते तसे तिथे विशेषनावांचेही रूप पालटते. 'ब्यर्क'ची षष्ठी 'ब्यार्कार', 'एगिल'ची चतुर्थी 'अग्ली'. विभक्तीत न बसणारे नाव पुढच्या पिढीच्या 'सन'-'दोत्तिर'लाही अडते, हे ध्यानात घेतले की हा हट्ट निव्वळ विक्षिप्त वाटत नाही. 'हॅरिएट' याच कारणाने अडले. लेखनही आइसलँडी वळणाचे लागते. 'सी', 'क्यू' आणि 'डब्ल्यू' ही अक्षरे तिथल्या वर्णमालेत नाहीत. नावामुळे मुलाला ओशाळे वाटू नये असाही नियम आहे. 'लुसिफर' त्यात बाद झाले.

समितीची सर्वांत गाजलेली हार 'ब्लेर' या नावावर झाली. अर्थ मंद झुळूक. शब्द पुल्लिंगी, म्हणून मुलीला नाकारलेला. एका मुलीची नोंद पंधरा वर्षे कागदोपत्री 'स्तुल्का', म्हणजे नुसतीच 'मुलगी', अशी राहिली. लाक्सनेसच्या 1957 च्या 'ब्रेक्कुकोत्सान्नाउल' कादंबरीत मात्र ब्लेर नावाची स्त्री आहे. जानेवारी 2013 मध्ये रेक्याविकच्या न्यायालयाने मुलीच्या बाजूने निकाल दिला. रेक्याविकचे तेव्हाचे महापौर यॉन ग्नार यांचाही समितीशी वाद होता. 'क्रिस्टिन्सन' टाकून नुसते 'ग्नार' लावू द्यावे, एवढेच त्यांचे मागणे होते. समितीच बरखास्त करावी अशी विधेयके संसदेत येऊन गेली.

दरम्यान शेवटचा शब्दही सैल होत गेला. रेक्याविकचे महापौर झालेले दागुर बेर्गथोरुसन एगेर्ट्सन आई आणि वडील दोघांचीही नावे लावतात. 2019 च्या लिंगभाव-स्वायत्ततेच्या कायद्याने पहिल्या नावांवरचे स्त्री-पुरुष बंधन काढले आणि लिंगनोंद तटस्थ असलेल्यांना 'सन' किंवा 'दोत्तिर'ऐवजी 'बुर' लावण्याची मुभा दिली. जुन्या काव्यात 'पुत्र' या अर्थाने येणारा हा शब्द आता 'अपत्य' या अर्थाने वापरला जातो, आणि त्याच्या आधीची षष्ठी मात्र पूर्वीसारखीच लागते.