उसनी साखर

फराळाच्या ताटातील चिरोट्यांवर पिठीसाखर असते, तशीच साखर पुष्कळ विषाणूंच्या अंगावरही असते, असे म्हटले तर वाचकांस थट्टा वाटेल. पण एड्सच्या विषाणूच्या बाह्य कवचावरील मुख्य प्रथिनाचे जवळजवळ अर्धे वजन शर्करेचेच भरते. कोविडच्या विषाणूच्या एकेका काट्यावर शर्करेच्या साखळ्या जडविण्याच्या ६६ जागा आहेत. आणि मौज ही की, ही साखर त्याच्या घरची नव्हेच! विषाणूला स्वतःचे स्वयंपाकघर नाही. आपल्याच पेशीत शिरून, आपल्याच भांड्यांत रांधून तो ती अंगावर चढवितो, आणि शरीराचे पहारेकरी तिला घरची समजून फसतात.

साखर ओळखण्याची विद्या माणसाला प्रथम दाखविली ती एरंडाच्या बीने. १८८८ साली डोर्पाट येथे (हे गाव आता एस्टोनियात असून त्यास टार्टू म्हणतात) हेर्मान श्टिल्मार्क याने आपल्या प्रबंधासाठी एरंडीतील विष काढून रक्तात मिसळले, तो तांबड्या पेशींच्या गुठळ्या झाल्या. (एरंडेल पिऊन वाढलेल्यांनी भिऊ नये, ते विष पेंडीत राहते, तेलात उतरत नाही.) गुठळ्या का व्हाव्या, हे त्या काळी कोणास ठाऊक नव्हते.

उलगडा केला अमेरिकेतील जेम्स सम्नर याने. हा मुळचा डावखुरा, आणि सतराव्या वर्षी शिकारीतील अपघातात नेमका डावाच हात गेला. एका हाताने रसायनशास्त्र व्हावयाचे नाही, असा उपदेश त्याला हार्वर्डमध्ये मिळाला. त्याने तो ऐकला नाही. आपल्या अबईच्या जातीच्या एका शेंगेच्या बियांतून त्याने १९१९ साली एक प्रथिन स्फटिकरूपात मिळविले. आणि १९३६ साली हॉवेल या सहकाऱ्यासह दाखविले की, ह्या प्रथिनाने गुठळ्या होतात खऱ्या, पण साधी उसाची साखर घातली की होत नाहीत! प्रथिनाचे तोंडच साखरेने भरले. पेशीवरची साखर धरावी कशाने? १९५४ साली बॉइड आणि शेपली यांनी अशा प्रथिनांना ‘लेक्टिन’ म्हटले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘निवडणे’.

मग हीच प्रथिने विषाणूवर का सोडू नयेत? प्रयोगशाळेत काही लेक्टिने विषाणूला जखडतातही. पण ती आकाराने मोठी, आणि शरीर त्यांना परकी समजून त्यांच्यावर उठते. तेव्हा तसाच चिमटा लहानशा कृत्रिम रेणूचा घडवावा, असे रसायनशास्त्रज्ञांच्या मनाने घेतले. येथे आड आले पाणी. साखरेच्या रेणूच्या कडेला जे गट असतात, त्यांसारखेच पाण्याचे रेणू. भर यात्रेत सगळ्यांनी एकच फेटा बांधलेला असताना आपला माणूस हुडकावा, तशातली गत. ब्रिस्टलच्या अँटनी डेव्हिस यांनी ह्या कोड्यामागे वर्षानुवर्षे घालविली. ग्लुकोजचा रेणू पोळीसारखा. कडेने पाण्याचा लोभी, वरून-खालून मात्र तितका नाही. म्हणून त्यांनी तेलकट छत, तेलकट जमीन आणि मध्ये खांब असा रेणूचा मंडपच उभारला. त्यात पाण्यातली जोडसाखर येऊन बसते, हे २००७ साली प्रसिद्ध झाले.

विषाणूवर मात्र मॅनोज नावाच्या साखरेचा भरणा. तिच्या साखळ्या तेथे इतक्या दाटीने असतात की, पेशीतील कारागिरांना त्यांची शेवटची छाटणी करता येत नाही. न्यूयॉर्कमधील अ‍ॅडम ब्राउन्श्वाइग यांच्या गटाने तिच्यासाठी चार हातांचे लवचिक रेणू बनविले. प्रथम झिकावर, पुढे २०२५ साली पाच कुळांतील सात विषाणूंवर त्यांचा प्रभाव दिसला. त्यांत इबोला होता, निपाह होता, कोविडचाही होता.

नवा विषाणू आला की लस नव्याने शिवावी लागते, कारण त्याचे प्रथिन बदलते. साखर मात्र आपल्याकडूनच उसनी घेतलेली, म्हणून ती सहसा तीच. औषध साथीच्या आधीच फळीवर ठेवता येईल, ही आशा त्यातून आली. भीतीही त्यातूनच येते, कारण आपल्या निरोगी पेशींवरही साखर आहे. मॅनोजची ती कच्ची गर्दी आपल्या पेशींवर फारशी नसते, एवढ्यावरच सारी भिस्त. हे रेणू अजून पेशींवर आणि उंदरांवरच तपासले जात आहेत.