कानाकडून मीटरकडे : नांदेड-लातूर परिसरातील मोटार-दोषनिदानाचा मागोवा

प्रस्तावना :

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात हैदराबाद मुक्तिसंग्राम, शेतीप्रश्न व संतपरंपरा यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे कारागिरांच्या ज्ञानाला मिळालेले नाही. मोटार दुरुस्त करणारा मिस्त्री तर या लेखनात जवळजवळ अनुपस्थितच आहे. गेल्या पंचवीस वर्षांत त्याच्या ज्ञानात जो बदल घडला, तो थ्रॉटल पोझिशन सेन्सर या लहानशा भागाच्या आधारे प्रस्तुत लेखात तपासला आहे.

हैदराबादी वारसा :

निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली. नांदेड जिल्हा आणि त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणारे लातूर, दोन्ही याच संस्थानात होते. (लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी.) १९४८ व १९५६ मध्ये राजकीय चौकट बदलली, १९६१ मध्ये मराठवाड्याची सरकारी बससेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात सामील झाली, परंतु गॅरेजच्या भाषेवरील दखनी वळण टिकून राहिले. येथे शिकवणारा तो उस्ताद. पाने ओळखून हातात देण्यापासून शागिर्दी सुरू होई आणि ट्युनिंग सर्वांत शेवटी वाट्याला येई.

हा क्रम निष्कारण नव्हता. अँबॅसिडर किंवा पद्मिनीचा कार्बोरेटर लावणे हे कानाचे काम होते. इंजिन चालू ठेवून स्क्रू पाव फेरा फिरवायचा, आवाज ऐकायचा, प्लग काढून त्याचा रंग पाहायचा : काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी, विटकरी-तपकिरी म्हणजे ठीक. हे ज्ञान लिहिलेले नव्हते. ते उस्तादाच्या शेजारी उभे राहूनच मिळे.

दिव्याचा प्रवेश :

१९९८ मध्ये आलेल्या सँट्रोसारख्या गाड्या आणि १ एप्रिल २००० पासून देशभर लागू झालेले 'भारत २०००' हे उत्सर्जन-निकष यांमुळे कार्बोरेटर मागे पडला. किती पेट्रोल सोडायचे, हे आता नियंत्रक संगणक ठरवू लागला. त्यासाठी चालकाने ॲक्सिलरेटर किती दाबला हे त्याला कळणे आवश्यक होते. हवेच्या झडपेच्या दांड्यावर बसवलेला सेन्सर हे काम करतो. त्याची जुनी रचना रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखीच आहे : कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासत जाणारा संपर्क. एका तारेतून ५ व्होल्ट येतात, दुसरी अर्थिंगची, तिसरी संकेताची. झडप मिटलेली असता संकेत साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडली असता साडेचारच्या आसपास.

सर्वाधिक घर्षण होते ते पट्टीच्या रोजच्या वापरातील भागात. तेथे कार्बन झिजला की संकेत क्षणभर तुटतो. गाडी झटका देते, पिकअप घेत नाही, उभी असता रेस आपोआप वर-खाली होते. जुन्या मिस्त्रीच्या कानाला हीच लक्षणे कार्बोरेटरात अडकलेल्या कचऱ्याची वाटत. येथे त्याचा कान चुकत नव्हता. त्या आवाजामागचे कारण बदलले होते.

दोषसंकेत वाचण्याची सोयही सर्वत्र एकाच वेळी पोहोचली नाही. भारत स्टेज चार निकष व त्यांसोबतची अंगभूत निदानप्रणाली १ एप्रिल २०१० रोजी १३ शहरांत लागू झाली. त्या यादीत हैदराबाद होते, सोलापूरही होते; नांदेड व लातूर नव्हते. देशभर हा निकष पूर्णपणे लागू होण्यास २०१७ साल उजाडले. शेजारच्या दोन शहरांत नवी गाडी वेगळ्या नियमाने विकली जात असताना मधल्या पट्ट्यातील कारागीर जुन्या नियमाच्या गाड्यांवर हात बसवत होता. मराठवाड्याच्या 'मागासलेपणा'ची चर्चा सिंचन व रेल्वेपुरती मर्यादित राहते, म्हणून ही नोंद महत्त्वाची ठरते.

स्कॅनरचे अर्धसत्य :

स्कॅनर 'पी ०१२२' दाखवतो तेव्हा त्याचा अर्थ या सेन्सरच्या मंडलातील संकेत अपेक्षेपेक्षा कमी आहे, एवढाच असतो. 'पी ०१२३' म्हणजे जास्त. सेन्सर बिघडला, असे यंत्र म्हणत नाही. तार तुटलेली असेल, जोडणीत गंज असेल, अर्थिंग सैल असेल, तरी संकेत असाच येतो. हा भेद न ओळखता सेन्सर बदलला, तर भाग नवा आणि दोष जुना, अशी स्थिती होते. खर्च गाडीवाल्याचा होतो आणि पत मिस्त्रीची जाते. लहान शहरात दुसरे नुकसान अधिक मोठे असते. तेथे गिऱ्हाईक शब्दावर येते.

योग्य निदानाचा क्रम साधा आहे. इंजिन बंद व किल्ली चालू ठेवून प्रथम ५ व्होल्ट येतात का पाहावे, मग अर्थिंग, मग झडप अगदी सावकाश उघडत संकेत एकसारखा चढतो का. मध्येच तो शून्याकडे घसरला तर दोष पट्टीचा. झडपेभोवती साचलेली काजळीही अशीच लक्षणे देते. म्हणून ती आधी साफ करणे श्रेयस्कर. या क्रमात शागिर्दीची शिस्त पुन्हा दिसते : हात सावकाश, लक्ष एकाच ठिकाणी.

पुढे पेडल व झडप यांमधील केबलच गेली. नव्या गाड्यांत दोन सेन्सर एकमेकांची पडताळणी करतात, पुष्कळ ठिकाणी ते घर्षणरहित चुंबकीय असतात आणि मेळ न बसल्यास संगणक इंजिनाची शक्ती कमी करतो. तेथे स्कॅनरवाचून चालत नाही. मात्र पट्टीचा सेन्सर असलेल्या जुन्या गाडीत क्षणभराचा खंड स्वस्त आकडेवाल्या मीटरवर अनेकदा दिसतच नाही. आकडा बदलेपर्यंत तो खंड निघून गेलेला असतो. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातील जुन्या काटेवाल्या मीटरचा काटा मात्र त्या जागी हलतो.