मलिद्याचं ताट

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी नातवंडं अलिबागला, इस्राएल आळीत, आजीकडे जमायचो. आंबे, पोहणं, भांडणं, सगळं यथासांग. पण निघायच्या आधी प्रत्येकाने शेमा न अडखळता म्हणून दाखवला, तर एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करीन, असा तिचा दरवर्षीचा नवस असे. शेमा म्हणजे देव एकच आहे असं सांगणारी आम्हा यहुद्यांची प्रार्थना. उजव्या हाताने डोळे झाकून म्हणायची. आजी मात्र बोटांच्या फटीतून आम्हाला बघायची, हे आम्हाला ठाऊक होतं. कारण आम्हीही बघायचो.

विळीवर नारळ खवताना ती आमच्या पूर्वजांची, नवगावची गोष्ट सांगे. जहाज फुटलं, सात पुरुष नि सात बायका किनाऱ्याला लागल्या, पोथ्यापुराणं समुद्राने गिळली. "जिभेवर होतं तेवढंच वाचलं गो," म्हणायची. मग ते लोक तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवारतेली. आमच्याकडेही घाणा होता म्हणे. परसात एक मोठं लाकडी उखळ आडवं पडलेलं मला आठवतं. ते आमच्या घाण्याचं की शेजाऱ्यांच्या भाताचं, देव जाणे.

सणांची तिची नावंही खास. योम किप्पुर म्हणजे दारफळणीचा सण, दारं लावून घरात बसायचं. तिशा बाव म्हणजे बिरड्याचा सण. वालाचं बिरडं केळीच्या पानावर. उपासापेक्षा आम्हाला ते वाल सोलणंच जड जाई.

धाकटे काका इस्राएलला गेले, तेव्हा आजी म्हणाली, आपली माणसं आपल्या घरी चालली. पुढे तिथल्या काही धर्मगुरूंनी बेने इस्राएलांशी, म्हणजे आम्हा कोकणातल्या यहुद्यांशी, लग्नं लावायला खळखळ केली. आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. 1964मध्ये तिथल्या संसदेने आम्ही सर्वार्थाने यहुदी असल्याचा निर्वाळा दिला. काकांचं पत्र वाचून आजी एवढंच म्हणाली, "त्यांना विचारायला हवं होतं, शेमा येतो का म्हणून." राग होता, पण पत्र डब्यात जपून ठेवलं.

यंदा हनुक्काच्या सुट्टीत माझी नातवंडं अश्दोदहून ठाण्याला आली. गंमत बघा, हा सण आमच्या कोकणातल्या पूर्वजांना माहीतच नव्हता. फार उशिरा, बाहेरून शिकवायला आलेल्यांकडून कळला. तेव्हा तो मला पोरांनी शिकवला. शेवटच्या रात्रीचे आठ दिवे, वर एक पेटवणारा. मी दिवाळीच्या पणत्या काढल्या. नातू माझे हिब्रू उच्चार दुरुस्त करी. मी त्याला बिरडं, दारफळणी म्हणायला लावी. 'ळ' काही त्याला जमला नाही.

शेवटच्या दिवशी मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर पाच फळं मांडली. आजी नवस कोणासाठी करायची, हे पोहे निथळताना पहिल्यांदा ध्यानात आलं. मला वाटे, आमच्यासाठी.

ताटापुढे शेमा सुरू झाला. मी डोळ्यांवर हात धरला आणि बोटं जराशी फाकवली. समोर सहा वर्षांची धाकटी आपल्या बोटांच्या फटीतून माझ्याकडेच बघत होती.

"आजी चीटिंग!" ती ओरडली.