पाणी पिणारी मोटार

मोटारीचा इतिहास ज्यांनी लिहिला ती सारी मंडळी थंड हवेच्या देशांतली. त्यामुळे त्यांनी तो इंजिनापासून सुरू केला. हाच इतिहास आमच्या बोरगाव मेघ्यात लिहिला गेला असता, तर तो घागरीपासून सुरू झाला असता. गावाच्या नावात 'मेघ' ऐकून परगावचा माणूस फसतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर जाऊन बसला की मेघ फक्त पाटीवर दिसतात.

मी बँकेत कारकून, शिक्षणाने बी. कॉम. यंत्रातलं मला एवढंच कळतं की जमाखर्च जुळला पाहिजे. पण इंजिन थंड ठेवणं हा मुळात जमाखर्चाचाच मामला आहे, हे मला उशिरा उमगलं. जुन्या गाडीत पेट्रोल जाळून जी उष्णता निघते, तिच्यातला जेमतेम चौथा हिस्सा चाकांच्या कामी येतो. बाकीची धुरावाटे निघून जाते, नाही तर इंजिनाच्या अंगात मुरते. महिन्याच्या पगाराचं आमच्या घरी साधारण असंच होतं. फरक इतकाच, की पगार आपोआप बाहेर पडतो; इंजिनातली उष्णता मुद्दाम बाहेर काढावी लागते.

कार्ल बेंझ या जर्मन गृहस्थाने 1886 साली ज्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं, तिच्यात पाणी सरळ उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. म्हणजे आपल्या माठाचीच युक्ती! 1888 च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था, नवऱ्याला न विचारता, दोन मुलांना गाडीत घालून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. शंभर किलोमीटरवर रस्ता. पेट्रोलची नळी तुंबली ती बाईंनी टोपीच्या पिनेने मोकळी केली आणि जिथे पाणी दिसेल तिथे थांबून गाडीला पाजलं. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास असा माहेरच्या ओढीवर आणि वाटेतल्या ओढ्यांवर पार पडला.

ही तहान कमी केली विल्हेल्म मायबाखने. 1900 साली त्याने पहिल्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. सहा मिलिमीटरच्या चौकोनी नळ्या, त्याही 8,070! पाण्याची गरज 18 लिटरवरून 9 वर आली. हा माणूस विदर्भात जन्मता तर ग्रामपंचायतीने त्याला शाल-श्रीफळ दिलं असतं. पुढे फोर्डच्या 'मॉडेल टी'मध्ये तर बहुतेक गाड्यांना पाण्याचा पंपच नव्हता. तापलेलं पाणी आपोआप वर जायचं, निवलेलं खाली यायचं. आमच्या हापिसात बढत्या याच तत्त्वावर होतात.

आपल्याकडे ही विद्या आणण्यात सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचा मोठा वाटा. त्यांनी 1944 साली प्रीमियर कंपनी काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला, तिथून फियाट गाड्या निघू लागल्या. 1974 साली त्याच गाडीचं 'पद्मिनी' असं बारसं झालं. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. आमच्या गल्लीतली मात्र अजून सेवेत आहे.

ती निवृत्त मास्तरांची. मास्तरीणबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं आणि मास्तरांचा दुसऱ्या कुठल्या वाहनावर विश्वास नाही. ऐन मे महिन्यात, दवाखान्याच्या आदल्या संध्याकाळी, गाडीच्या नाकातून वाफ निघाली. गल्ली गोळा झाली. एकाने रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगितली. भोक बुजवायची ही ड्रायव्हर मंडळींची जुनी युक्ती. 'पी हळद नि हो गोरी' ही म्हण मोटारीलाही लागू आहे म्हणायची. दुसऱ्याने अंड्याचा पांढरा बलक सुचवला. मास्तर माळकरी, त्यामुळे तो प्रस्ताव चर्चेविना फेटाळला गेला. तेवढ्यात कॉलेजातला एक पोरगा फडकं घेऊन झाकण खोलायला वाकला.

"हात नको लावू बे!" एस.टी.तून रिटायर झालेले ड्रायव्हरकाका ओरडले. "आतमधी वाफ दबून आहे. घंटाभर थांब."

त्या एका ओरडण्यात पन्नास वर्षांचं भौतिकशास्त्र होतं. ते झाकण कुकरसारखा दाब धरतं, म्हणून आतलं पाणी 100 अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण काढलं की दाब सुटतो, त्याच क्षणी पाण्याचा भडका वाफ होऊन तोंडावर येतो. पोराचा चेहरा वाचला तो त्या तासभराच्या धीराने.

इंजिन निवल्यावर काकांनी बोट ठेवलं: खालचा रबरी पाइप टोकाशी तडकला होता. तडकलेलं टोक कापलं, पाइप पुन्हा चढवून क्लिप आवळली. विहिरीच्या जड पाण्याने रेडिएटरात क्षार धरला होता. स्वच्छ पाणी येईतो तो धुतला. जुनं हिरवं कूलंट मी नालीत ओतायला निघालो नव्हतो, पण काकांनी सगळ्यांनाच बजावलं: ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री चाटतात नि मरतात. ते डब्यात भरून बाजूला ठेवलं. मग झाकण उघडं ठेवून गाडी सुरू केली, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरलं. रात्री साडेदहाला काटा मधोमध येऊन थांबला.

"रक्त साफ करायची मशीन नि ही, दोन्ही सारख्याच," मास्तर म्हणाले. "फिरवत राहायचं, बाहेर काढत राहायचं, पुन्हा आत घ्यायचं." कुणी काही बोललं नाही.

पद्मिनीचा रेडिएटर तांब्या-पितळेचा. गळला तर त्याला डाग देणारा कारागीर गावोगावी असायचा. आताचे बहुतेक ॲल्युमिनियमचे, वरच्या-खालच्या टाक्या प्लॅस्टिकच्या; त्यांना डाग लागत नाही, अख्खा बदलावा लागतो. गाड्या सुधारल्या, तापणं कमी झालं, याबद्दल तक्रार नाही. फक्त गाडी तापली की पूर्वी गल्ली जमायची; आता माणूस आत काच लावून बसतो आणि फोन करून टोइंगची वाट बघतो.